जाळीतला राखणदार

माझी मुलगी आणि जावई इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात एका लहान गावी राहतात. २०१७ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता प्रथमच तिच्याकडे गेलो. बाहेर सतत रिपरिप, चार वाजताच अंधार आणि आत सोफ्यावर बसून चहा पिण्यापलीकडे मला काही उद्योग नव्हता. अशा एका रविवारी सकाळी शेजारचे गृहस्थ दारात आले. सत्तरी ओलांडलेले, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, जाकिटावर चिखलाचे शिंतोडे. गावाबाहेरच्या एका शेताच्या कडेने झाडांचे कुंपण लावायचे आहे, हातभार लावायला येता का, असे त्यांनी विचारले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला कोणी कामाला बोलावलेच नव्हते. मी लगेच निघालो.

शेतावर पंधरा-वीस माणसे जमली होती. 'झाडे' पाहून मात्र माझी निराशाच झाली. त्या नुसत्या काड्या होत्या! हातभर लांबीच्या, एकही पान नसलेल्या, उघड्या मुळांच्या काड्यांच्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. तिकडे झाडे थंडीत झोपतात. त्या झोपेतच त्यांना उचलून दुसरीकडे लावायचे, अशी रीत आहे. फावड्याने जमिनीत चीर पाडायची, काडी सरकवायची, बुटाच्या टाचेने माती दाबायची आणि सशांनी साल कुरतडू नये म्हणून भोवती प्लास्टिकची गुंडाळी चढवायची. दोन रांगा, एकमेकींना आडव्या घातलेल्या, मीटरभर लांबीला पाच काड्या. बहुतेक हॉथॉर्नच्या आणि ब्लॅकथॉर्नच्या, म्हणजे काटेरी. एका जुडीतल्या काड्यांना मात्र मांजराच्या नखांसारखे वाकडे काटे होते. हे काय म्हणून विचारले, तर शेजारी म्हणाले, ''डॉग रोझ. आमचा रानगुलाब.''

गुलाबाला कुत्र्याचे नाव का, तर याचे मूळ पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर औषध आहे, अशी प्राचीन रोमन लोकांची समजूत होती. रोझा कॅनिना या शास्त्रीय नावातही तोच कुत्रा बसला आहे. आपल्या फुलबाजारातल्या गुलाबापुढे या फुलाला कोणी विचारणार नाही. पाचच पाकळ्या, फिकट गुलाबी, जूनमध्ये थोडे दिवस फुलणार आणि झडणार. पण बागेतल्या भरगच्च गुलाबात पाकळ्यांची गर्दी झालेली असते ती बहुधा पुंकेसरांच्या बदल्यात. म्हणून मधमाशीच्या दृष्टीने ते फूल म्हणजे दारावर तोरण आणि घरात उपास! रानगुलाबाचे केसर मात्र उघडे असतात. माशा, भुंगेरे, मधमाश्या, ज्याला हवे त्याने यावे आणि पराग न्यावा. शरद ऋतूत त्याला लाल, लांबट फळे धरतात. ती थंडीभर वेलांवर टिकतात आणि बाकीचे सगळे संपल्यावर पक्ष्यांच्या उपयोगी पडतात. त्यांत गावचे ब्लॅकबर्ड असतात, तसेच स्कँडिनेव्हियातून समुद्र ओलांडून आलेले पाहुणे कस्तूरही असतात. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून संत्री येणे थांबले, तेव्हा १९४१ पासून सरकारने हीच फळे गोळा करायला सांगितली. शाळेतली मुले आणि गावोगावच्या बायका कुंपणे धुंडाळू लागल्या, शेकडो टन फळे जमली आणि त्यांचे सरबत 'क' जीवनसत्त्वासाठी लहान मुलांना पाजले गेले. आमच्या शेजाऱ्यांना त्या सरबताची चव अजून आठवत होती.

काम करता करता त्यांनी एक जुनी म्हण सांगितली. काटा ही ओकची आई. ओकचे बी जमिनीत पुरून ठेवते ते जे नावाचे पाखरू. पण उगवलेले रोप गुरे-हरणे खाऊन टाकतात. जे रोप काटेरी झुडपाच्या पोटात उगवते तेवढेच वाचते. ते झुडपाच्या वर डोके काढते, मोठे होते आणि एक दिवस त्याच्या सावलीत ते झुडूप मरून जाते. फ्रान्स व्हेरा या डच अभ्यासकाने २००० साली इंग्रजीत आलेल्या आपल्या ग्रंथात याच म्हणीभोवती युरोपातल्या जंगलांच्या जन्माची एक उपपत्ती मांडली आणि तिच्यावर तिकडच्या विद्वानांत बरेच वादही झाले. शेजारी काही विद्वान नव्हते. ते म्हणाले, ''युद्धानंतर सरकारनेच पैसे देऊन आम्हाला ही कुंपणे उपटायला लावली. मोठी यंत्रे, मोठी शेते. मीही ट्रॅक्टर चालवला आहे. १९९७ साली कायदा झाला, आता परवानगीशिवाय कुंपण काढता येत नाही. तोवर मी बरेच उपटून झालो होतो.'' मग सहज म्हणून त्यांनी मला विचारले, ''तुमच्याकडे कुंपणाला काय लावता?''

''तार,'' मी म्हणालो. आणि पुढचा अर्धा तास मी काही बोललो नाही.

मी काय केले होते

रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित वरकस जमीन आहे. डोंगरउताराची, जांभ्या दगडाची. खाली पऱ्या, वर सडा आणि पलीकडच्या अंगाला गावची देवराई. आम्ही चाकरमानी, वडिलांच्या पश्चात त्या जमिनीकडे आमचे येणे गणपतीला आणि मे महिन्यात. तिच्यात पीक म्हणावे असे काही नव्हते. गवत होते आणि करवंदीच्या जाळ्या होत्या. जाळी हा शब्द शहरातल्या वाचकाला खिडकीच्या जाळीची आठवण करून देईल, म्हणून सांगतो. करवंदीची झुडपे एकमेकींत गुंतून पुरुषभर उंचीचा, आत हात घालता येणार नाही असा जो डेरा तयार होतो, ती जाळी. तसे पंचवीस-तीस डेरे त्या उतारावर होते. लहानपणी मे महिन्यात आम्ही भावंडे तिथेच पडलेली असायचो. हात खरचटलेले, ओठ चिकाने चिकटलेले, आणि करवंद दातांनी फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ दिवसभर.

२०१५ च्या मार्चमध्ये मी तासाच्या भाड्याने जेसीबी लावून ते सगळे डेरे उपटले.

मला कोणी फसवले नव्हते. काजू लावायचा होता. कोकणात १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आल्यापासून ओसाड डोंगर काजू-आंब्याखाली आले, अनेक घरांना त्याने हात दिला. तेव्हा काजू लावणे ही चूक नव्हती. चूक अशी की जमीन 'साफ' करायची म्हणजे तिच्यावरचे जे जे पिकाचे नाही ते सगळे काढायचे, असा हिशेब मी कागदावर मांडला. बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला नोंद नसलेली वस्तू दिसत नाही. करवंदीची नोंद सातबाऱ्यावर नसते. तीन दिवसांत उतार तांबडा, गुळगुळीत झाला. भोवती काटेरी तार ओढली. पहिल्या पावसाला वेंगुर्ला जातीची कलमे लावली आणि फोटो काढून मुलीला पाठवला.

शेजारच्या घरातली काकी पाहायला आली. तिचे वय तेव्हा ऐंशीच्या आसपास. कमरेवर हात ठेवून तिने सगळा उतार न्याहाळला आणि म्हणाली, ''सगळं केलंस खरं. पण राखणदार घालवलास की रे!'' कोकणात प्रत्येक जागेला एक राखणदार असतो अशी श्रद्धा आहे. मला वाटले, जेसीबीखाली एखादा देवाचा दगड गेला. तसे विचारले तर म्हणाली, ''दगड कसला? जाळी!''

तिचे म्हणणे मला पुढच्या दोन पावसाळ्यांत समजले. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत पडतो. उघड्या उतारावरून तो घळी पाडत निघाला. पऱ्याचे पाणी पूर्वीही गढूळ व्हायचे, आता ते चहाच्या रंगाचे झाले. भातकापणी झाल्यावर मोकाट सुटलेली गुरे तार वाकवून आत आली आणि त्यांना अडवायला मध्ये काहीच उरले नव्हते. तिसऱ्या वर्षी शंभर कलमांतली चाळीस-बेचाळीस जिवंत होती. आणि आणखी एक गोष्ट, जी लक्षात यायला मला सर्वांत उशीर लागला. मे महिन्यात पहाटे बुलबुलांच्या किलबिलाटाने जाग येत असे, ती यायची थांबली होती.

डेव्हनच्या त्या चिखलात उभा असताना हे सगळे माझ्यापुढे आले. इंग्रज म्हातारा जे सांगत होता, तेच काकीने मला एका शब्दात सांगितले होते. ओकची आई आणि आमचा राखणदार एकाच घराण्यातले होते.

करवंदीचा कारभार

रानगुलाब मी आमच्याकडे कधी पाहिलेला नाही. हिमालयात त्याच्या अनेक जाती आहेत, निलगिरीच्या डोंगरात एक पांढरा गुलाब वेलासारखा चढतो. सह्याद्रीत मात्र गुलाबाची ती जागा माझ्या मते करवंदीने घेतली आहे. कुळ अगदी वेगळे. गुलाब सफरचंद-नासपतीचा भाऊबंद, तर करवंद ही रुई, कण्हेर, कुडा, चाफा यांच्या गोतातली. म्हणून तर पान तोडले की पांढरा चीक येतो. पण काम पाहिले तर दोघांचे सारखे.

माघ-फाल्गुनात बाकीचे रान पाने गाळत असते तेव्हा करवंदी हिरवी असते आणि पांढऱ्या चांदण्यांनी भरते. वास कुंदासारखा, संध्याकाळनंतर अधिक. फुलाची नळी अरुंद आणि लांब, म्हणून रात्री लांब सोंडेचे पतंग तिच्यावर येतात. पानांवर काही सुरवंट वाढतात. पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेले ते काळपट तपकिरी 'कॉमन क्रो' फुलपाखरू कण्हेरीप्रमाणे करवंदीवरही अंडी घालते. एप्रिलअखेर फळे काळी पडू लागतात. हा काळ रानात सर्वांत कठीण, पाणी आटलेले आणि पाऊस महिनाभर दूर. त्या दिवसांत बुलबुल, सातभाई, उदमांजर, कोल्हा अशा सगळ्यांची पंगत या जाळीवर असते आणि तिच्यातच माणसेही असतात. संगमेश्वराच्या एसटी थांब्यावर पानाच्या द्रोणात 'डोंगराची काळी मैना' विकणाऱ्या बायकांच्या हातात मे महिन्यात चार पैसे येतात ते याच बिननोंदीच्या झुडपामुळे.

पण खरा कारभार जाळीच्या आत चालतो. करवंदीचे काटे जोडीने येतात, टणक असतात आणि पुष्कळदा पुढे दुभंगलेले असतात. गुरे बाहेरची कोवळी पाने ओरबाडतात, आत तोंड घालत नाहीत. म्हणून बुलबुल तिथे घरटे करतो, ससा तिथे दडतो, खाटीक पक्षी पकडलेला टोळ तिच्या काट्याला टोचून ठेवतो. फळे खाऊन तृप्त झालेले पाखरू जाळीवर बसते आणि शीट टाकते. त्या शिटेत देवराईतल्या अंजनीचे, जांभळाचे, उंबराचे बी असते. ते जाळीच्या बुडाशी पडते. तिथे पानांचा कुजलेला थर असतो, ऊन थेट पोचत नाही, माती वाहून जात नाही आणि गुरांचे तोंड पोचत नाही. आणखी काय हवे? उघड्या माळावर जे रोप पहिल्या एप्रिलला करपते, ते इथे तग धरते. तुम्ही कधी सड्याच्या कडेला करवंदीच्या गचपणातून एकटेच वर आलेले जांभळाचे झाड पाहिले असेल. ते तिथे कोणी लावलेले नसते. त्याची दाई खाली उभी असते.

देवरायांचे महत्त्व आपल्याला आता पटले आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्याला पन्नास वर्षे होत आली. पण देवराई ही बियांची पेढी आहे. पेढीतली रक्कम बाहेर फिरली पाहिजे, तर रान वाढणार. ती फिरवतात पाखरे आणि उदमांजरे, आणि ती जिथे जमा होते ती जागा म्हणजे ही काटेरी जाळी. आपण देवराईला नमस्कार करतो आणि वाटेतली जाळी तोडतो. हा माझाच अपराध, म्हणून मला हे बोलायचा अधिकार आहे.

काटा आपलाच हवा

परत येताना मी मनाशी म्हटले, काटेरी झुडूपच लावायचे ना, मग लवकर वाढणारे का नको? घाणेरी तर कुठेही फोफावते, तिलाही काटे असतात, तिचीही फळे बुलबुल खातो. माझ्या या शंकेचे उत्तर पुन्हा एका रानगुलाबाच्याच गोष्टीत होते. यावेळी गोष्ट अमेरिकेतली.

जपान, कोरिया आणि चीनमध्ये उगवणारा, पांढऱ्या फुलांच्या घोसांचा एक रानगुलाब आहे, रोझा मल्टिफ्लोरा. बागेतल्या गुलाबांची कलमे बांधायला खुंट म्हणून तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नेला गेला. १९३० च्या दशकात तिथे धुळीची वादळे उठली, जमिनी उडून गेल्या. तेव्हा मृदसंधारण खात्याने शेतकऱ्यांना हा गुलाब जिवंत कुंपण म्हणून लावायचा सल्ला दिला. माती धरेल, गुरे अडवेल, लावे आणि ससे त्यात आसरा घेतील. पुढे कित्येक राज्यांत त्याची रोपे वाटली गेली. काही ठिकाणी तर महामार्गाच्या मधोमध, घसरलेल्या मोटारी अडवायला लावला गेला. हेतू अगदी शुद्ध होता. पण हा गुलाब त्या रानाचा नव्हता. पाखरांनी त्याची असंख्य बारीक फळे खाल्ली आणि बी सर्वदूर नेले. कुरणे आणि जंगलांच्या कडा त्याच्या जंजाळाखाली गेल्या, खालची स्थानिक झुडपे गुदमरली. ज्या राज्यांनी तो लावायला सांगितला होता, त्यांतल्याच अनेकांनी पुढे कायद्याने त्याला उपद्रवी तण ठरवले.

आपल्याकडे ही गोष्ट वेगवेगळ्या नावांनी घडली आहे. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून इंग्रजांच्या काळात आली. आज ती सह्याद्रीच्या कित्येक उतारांवर गवत उगवू देत नाही, आणि तिची पाने खाल्ली तर गुरांना विषबाधा होते. कोकणात रस्त्यांच्या कडेला हिरवीगार दिसणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ आपण हौसेने लावली. तिच्याखाली वाळक्या पानांचा जाड थर साचतो, पण त्यातून दुसरे झाड वर येताना क्वचितच दिसते. परक्या झाडांचा द्वेष करावा असे मी म्हणत नाही. ज्या काजूसाठी मी हा उपद्व्याप केला तोही ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणलेला आहे, आणि तो जिथे लावतो तिथेच बहुधा राहतो. प्रश्न एवढाच की रानाचे काम रानाकडून करून घ्यायचे असेल, तर त्या रानाशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असलेले झुडूप हवे. इंग्लंडमध्ये डॉग रोझ हे काम करतो, कारण तो तिथला आहे. गुलाबाचीच दुसरी जात अमेरिकेत शाप ठरली. म्हणजे गुण गुलाबाचा नाही, काट्याचाही नाही. गुण नात्याचा आहे.

दोनशे रोपे

२०१८ च्या मेमध्ये मी आणि पत्नी गावी गेलो आणि करवंदे गोळा केली, खाण्यासाठी नव्हे, बियांसाठी. पहिली फजिती तिथेच झाली. निम्म्या बिया मी भोपळ्याच्या बियांसारख्या उन्हात वाळवून डब्यात भरल्या, सवडीने पेरू म्हणून. निम्म्या पत्नीने गर धुऊन लगेच पिशव्यांत टोचल्या. तिच्या बिया आठवड्या-दोन आठवड्यांत वर आल्या. माझ्या डब्यातल्या जुलैत पेरल्या, त्यांतली एकही उगवली नाही. करवंदीचे बी ताजे असतानाच पेरावे लागते. ही गोष्ट गावातल्या कोणत्याही म्हातारीने सांगितली असती. मी विचारले नव्हते.

वर्षभर पिशव्यांत वाढवलेली दोनशेच्या आसपास रोपे २०१९ च्या जूनमध्ये तारेच्या आतल्या अंगाने दोन रांगांत लावली. तीन-तीन फुटांवर, एकमेकींना आडवी, डेव्हनच्या पद्धतीने. मध्ये मध्ये तोरणाची, चिल्हारीची आणि शिकेकाईची रोपे घातली, कारण रान एकाच झाडाचे नसते. ही सगळी आमच्याच डोंगरातली. गावात टवाळी झाली ती सांगण्यासारखी आहे. ''साहेबांनी पैसे देऊन करवंद काढली, आता पैसे देऊन लावतायत!'' यात खोटे काय होते?

पुढच्या फेब्रुवारीत सड्यावरून वणवा आला. आमच्याकडे गवत वाळले की दरवर्षी कुठून तरी वणवा येतो. कोणी लावला ते कधीच कळत नाही आणि कोणी विचारतही नाही. चुलतभावाचा फोन आला, ''दादा, तुझी करवंद गेली.'' मी जाऊन पाहिले. रांगेच्या रांग काळी झाली होती. तिथेच बसून राहिलो. त्यानंतर महिन्याभरात टाळेबंदी आली आणि आम्ही गावीच अडकलो. त्यामुळे जे एरवी पाहिले नसते ते पाहायला मिळाले. पहिला पाऊस झाल्यावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जळक्या बुंध्यांशी तांबूस कोंब दिसले. दोनशेतली साठ-सत्तर झुडपे मुळांतून पुन्हा फुटली होती.

आणि त्याहून मोठा धडा गडग्याच्या कडेला होता. जेसीबीचे पाते जिथे नीट पोचले नव्हते तिथे जुन्या करवंदीची मुळे जमिनीत राहिली होती. मी काजूभोवतीची बेणणी करताना दरवर्षी त्यांचे कोंब कोयत्याने छाटून टाकत होतो. टाळेबंदीत गडी मिळेना म्हणून छाटणी राहिली. त्या एका पावसाळ्यात ते कोंब माझ्या गुडघ्याच्या वर गेले. मी वर्षभर पाणी घालून वाढवलेल्या रोपांना जे जमले नाही ते नुसते हात आवरल्याने झाले होते. झाडे लावणे चांगलेच. पण त्याआधी जे आहे ते न तोडणे, आणि जे फुटते आहे त्याला फुटू देणे, यासाठी खड्डाही लागत नाही आणि खर्चही येत नाही. म्हणूनच बहुधा ते आपल्याला सुचत नाही.

त्या वर्षापासून दिवाळी झाली की आम्ही कुंपणाच्या बाहेरून दहा फुटांचा पट्टा गवत कापून मोकळा करतो, म्हणजे वणवा तिथे थांबतो. काजूची उरलेली कलमे आहेत तिथेच आहेत, त्यांना धक्का लावलेला नाही. उताराच्या मधले पाच-सहा तुकडे मात्र जाळीसाठी सोडून दिले आहेत. सहा वर्षांत करवंद छातीभर उंच झाली आहे. डेरा म्हणावा अशी अजून नाही, पण दोन झुडपांच्या मधून आता वासरू जाऊ शकत नाही.

आता

काकी आज नाही. तिच्या शेवटच्या मे महिन्यात तिला हाताला धरून मी गडग्यापर्यंत नेले होते. झुडपांना तेव्हा पहिल्यांदा फळ धरले होते, मोजून ओंजळभर. तिने एक तोंडात टाकले, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, ''आंबट आहेत. पण होतील.''

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी आणि चुलतभावाचा मुलगा जाळीच्या बुडाशी पोटावर झोपून आत पाहत होतो. हातांना ओरखडे आले. त्याने बोट दाखवून मोजले: जांभळाची तीन रोपे, अंजनीची दोन, एक कुंभा, आणि भेरली माडाचे एक, जे देवराईतून बहुधा उदमांजराने आणले असावे. सगळी वीतभर उंचीची. त्यांतले एखादे मोठे होईल तेव्हा मी नसेन, हे उघड आहे. ते मोठे झाले की त्याच्या सावलीत आमची करवंद हळूहळू मरेल, हेही उघड आहे. राखणदाराचे काम तेवढेच असते.

मुलीच्या गावचे कुंपण आता माणसाच्या उंचीचे झाले आहे. जूनमध्ये तिने रानगुलाब फुलल्याचा फोटो पाठवला. शेजारी थकले आहेत, पण खिडकीतून ते दिसते म्हणाले. मी तिला आमच्या जाळीतल्या बुलबुलाच्या घरट्याचा फोटो पाठवला. काटे फार असल्याने घरटे नीट दिसतच नव्हते. ती म्हणाली, ''बाबा, यात काहीच दिसत नाही.'' मी म्हटले, ''बरोबर. दिसायला नकोच आहे.''

डोंगरात सगळ्यांच्याच जमिनी नसतात. पण मे महिन्यात रस्त्याच्या कडेला द्रोणातली करवंदे घेऊन आपण सगळेच खातो. यंदा खाल तेव्हा बिया गाडीच्या खिडकीतून डांबरावर टाकू नका. रुमालात ठेवा आणि पावसाच्या आधी, ताज्या असतानाच, एखाद्या उघड्या उताराच्या मातीत टोचा. सगळ्या उगवणार नाहीत. आणि ज्यांच्या जमिनीवर करवंदीची जाळी अजून उभी आहे त्यांना तर एवढेच सांगणे: जमीन साफ करायला यंत्र बोलवाल, तेव्हा आधी एकदा पोटावर झोपून त्या जाळीच्या बुडाशी पाहा. आत कोणाची पोरे वाढत आहेत ते मोजा, आणि मग ठरवा.